फोनचा अंगठा: पंधरा आकडे, कापसाच्या गाठी आणि न पुसता येणारी ओळख

हा भाग ऐकण्याऐवजी वाचत असाल तर बरंच आहे, कारण आज आकडे जरा जास्त आहेत आणि आकडे कानापेक्षा डोळ्यांना लवकर कळतात.

आधी एक काम करा. फोनचा डायलर उघडा आणि *#०६# दाबा. कॉलचं बटण दाबायची गरज नाही. स्क्रीनवर पंधरा आकड्यांचा एक नंबर येईल. दोन सिमचा फोन असेल तर असे दोन नंबर दिसतील. हा आयएमईआय. तुमचा मोबाईल नंबर सिमसोबत जातो, पण हा नंबर हँडसेटसोबत राहतो. सिम बदला, गाव बदला, फोन फॉरमॅट मारा, नंबर तोच.

बहुतेकांना एवढं माहीत असतं. पण त्या पंधरा आकड्यांत नेमकं काय लिहिलंय? पहिले आठ आकडे मॉडेलचे. त्यातलेही पहिले दोन सांगतात की हा नंबर कुठल्या संस्थेने दिला. ३५ ने सुरू होत असेल तर ब्रिटनमधली संस्था, ८६ असेल तर चीन, ९१ असेल तर भारत. आपला देशाचा कोडही ९१ आहे, त्यामुळे हे लक्षात ठेवायला सोपं. पुढचे सहा आकडे त्या मॉडेलमधल्या तुमच्या एकट्याच्या फोनचे. म्हणजे एका मॉडेल-कोडखाली दहा लाख फोन बसतात, मग कंपनीला नवा कोड घ्यावा लागतो. आणि पंधरावा आकडा? तो माझा लाडका आहे. तो काहीच सांगत नाही, तो फक्त बाकीच्या चौदांवर पहारा देतो.

कसा, ते बघा. मोबाईलच्या पुस्तकी उदाहरणांमध्ये एक नंबर सारखा भेटतो: ४९०१५४२०३२३७५१८. डावीकडून दर दुसरा आकडा दुप्पट करायचा. ९ चे १८, १ चे २, ४ चे ८, असं. दुप्पट दोन आकडी आली तर तिच्यातले आकडे मिळवायचे, म्हणजे १८ चे पुन्हा ९. सगळ्यांची बेरीज करा, चौदा आकड्यांची ५२ येते. पुढचा दहाचा पाढा ६०. फरक ८. आणि शेवटचा आकडा ८ च आहे. एक आकडा चुकवा, हिशोब लगेच बिघडतो. ही युक्ती हान्स पीटर लून नावाच्या आयबीएममधल्या माणसाची. १९५४ साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला, १९६० ला पेटंट मिळालं, आणि ते पेटंट हातात धरायच्या एका यांत्रिक खेळण्यासारख्या उपकरणाचं होतं. कॉम्प्युटर प्रोग्रॅमचं नव्हे. तुमच्या एटीएम कार्डावरचा नंबरही याच हिशोबाने तपासला जातो.

आता मी नांदुऱ्याचा. म्हणजे ज्यांना नांदुरा म्हटलं की फक्त हायवेवरचा १०५ फुटी हनुमान आठवतो, त्यांना सांगतो की गावात रेल्वे स्टेशन पण आहे, आणि ते मुंबई-हावडा लाइनवर आहे. मलकापूर आणि जलंबच्या मधे. इथून मालगाड्या अशा जातात की फाटकाजवळ उभं राहून डबे मोजणं हा आमच्या पिढीचा फुकटातला टाइमपास होता. त्या प्रत्येक वाघिणीवर अकरा आकडे रंगवलेले असतात. पहिले दोन वाघिणीचा प्रकार, पुढचे दोन मालक रेल्वे, पुढचे दोन बांधणीचं वर्ष, मग चार आकडे तिचे स्वतःचे. आणि अकरावा आकडा परत पहारेकरी! एक आड एक आकड्यांची बेरीज तिपटीने धरायची, उरलेले तसेच मिळवायचे, पुढच्या दहापर्यंत किती कमी पडतात ते शेवटी लिहायचं. धुळीने माखलेल्या वाघिणीवरचा ३ कुणी ८ वाचला, तर कागदावर उतरवतानाच पकडला जावा म्हणून.

म्हणजे फोन आणि कोळशाची वाघीण यांची ओळख पटवायची पद्धत एकच. अंगावर एक नंबर लिहा आणि यादीत तोच नंबर शोधा.

ही कल्पना आपल्या पट्ट्यात रेल्वेच्या आकड्यांपेक्षाही एका वेगळ्या मालामुळे मुरलेली आहे. कापूस. नांदुरा, मलकापूर, खामगाव हा सगळा कापसाचा पट्टा. खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा टाकला गेला तोच मुळी कापसासाठी. आता कापसाच्या गाठीची एक गंमत आहे. प्रेसमध्ये दाबून बांधली की आत काय आहे ते दिसत नाही. वरून सगळ्या गाठी सारख्या. मग वजन वाढवायला कापसावर पाणी मारा, चांगल्या लांब धाग्याच्या कापसात आखूड धाग्याचा मिसळा, सरकी राहू द्या. मुंबईच्या बाजारात किंवा त्याही पुढे मँचेस्टरला गाठ फोडल्यावर समजायचं, आणि तोवर ती कुठल्या गावच्या कुठल्या प्रेसमधून आली हे विचारायला कुणी नसायचं. यावर मुंबई इलाख्यात १८६३ साली कापसातल्या फसवणुकीविरुद्ध कायदाही झाला होता. पण मुद्द्याला हात घातला तो १९२५ च्या कॉटन जिनिंग अँड प्रेसिंग फॅक्टरीज कायद्याने. प्रत्येक प्रेसला ठरवून दिलेली खूण, आणि प्रत्येक गाठीवर ती खूण अधिक अनुक्रमांक. आता गाठ बोलायला लागली. मी अमक्या प्रेसची, इतक्या नंबरची.

प्रेसची खूण म्हणजे मॉडेल-कोड, अनुक्रमांक म्हणजे सिरियल. आयएमईआयचा नकाशा हुबेहूब हाच आहे. मला वाटतं आपल्याकडे कॉम्प्युटरचा इतिहास शिकवताना थेट अमेरिकेपासून सुरुवात करतात ते यामुळेच बोअर होतं. गाठीवरच्या खुणेपासून सुरुवात केली तर जिनिंगमध्ये हमाली केलेल्या माणसाचा नातूही पाच मिनिटांत डेटाबेस समजेल.

पण खुणेचा एक जन्मजात दोष आहे. जी खूण माणसाने मारली, ती माणूस पुसू शकतो, आणि दुसरीकडे उठवूही शकतो.

म्हणून ओळखीचा दुसरा रस्ता. वरून काही चिकटवायचं नाही, अंगचंच काहीतरी बघायचं. १८५८ साली बंगालमध्ये जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या अधिकाऱ्याने रस्त्याच्या खडीच्या कंत्राटावर राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या हाताचा ठसा घेतला. सही नाकारता येते, हात कसा नाकारणार, हा हिशोब. पुढे १८९७ मध्ये कोलकात्यात बोटांच्या ठशांचं कार्यालय उघडलं, आणि ठशांची वर्गवारी करायची रीत बसवण्यात अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांचं डोकं होतं. नाव मात्र त्यांच्या साहेबाचं लागलं, आजही त्या पद्धतीला हेन्री पद्धत म्हणतात. असो. मुद्दा असा की ठशांचा ढीग जमवणं सोपं, पण हजारो ठशांत हवा तो झटकन सापडणं कठीण. त्या दोघांनी जे केलं त्याला आज आम्ही इंडेक्सिंग म्हणतो आणि इंटरव्ह्यूमध्ये त्यावर प्रश्न विचारतो.

तारेच्या काळात हे यंत्रापर्यंत आलं. मोर्सची कळ दाबताना प्रत्येकाची लय वेगळी पडते. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे संदेश ऐकत बसणाऱ्यांना संदेशातलं अक्षर कळत नसलं तरी कळ कोण दाबतोय ते ओळखू यायचं. तो माणूस आज वेगळ्या गावाहून बोलतोय, म्हणजे त्याची तुकडी हलली! त्या लयीला ते फिस्ट, म्हणजे मूठ म्हणायचे, जसं आपण एखाद्याचं अक्षर ओळखतो तसं.

तर दोन रस्ते झाले. चिकटवलेली ओळख आणि अंगची ओळख. हे दोन शब्द धरून ठेवा, कारण आता आपण २००८ च्या मुंबईत जातोय.

२६ नोव्हेंबर २००८. हल्ला काय होता ते सांगायची गरज नाही. मी तेव्हा शाळेत होतो, टीव्हीसमोरून कुणी उठलं नव्हतं. पण नंतर कोर्टात जे उभं राहिलं त्यातला एक भाग आमच्या इंजिनीअर मंडळींनी वाचायला हवा. हल्लेखोर सीमेपलीकडून आले हे सिद्ध कसं करायचं? जिवंत पकडलेल्या कसाबने कबुलीजबाब दिला होता, पण कबुलीजबाब फिरवता येतो, आणि त्याने तो फिरवलाही. वस्तू फिरत नाहीत.

हल्लेखोरांकडे नोकियाचे हँडसेट सापडले. सिम कुणाच्याही नावावर घेता येतं, पण हँडसेटवर आयएमईआय होता. तो कंपनीकडे पाठवला, आणि उत्तर आलं: हे फोन चीनमधल्या डोंगुआनच्या कारखान्यात बनले आणि पाकिस्तानला पाठवले गेले. रबरी बोटीवर यामाहाचं इंजिन होतं. त्याच्या नंबरचा माग काढला, तर ते जपानहून पाकिस्तानात आयात झालेलं निघालं. जीपीएस यंत्रांमध्ये समुद्रातल्या वाटेचे बिंदू साठलेले होते. फोनवरून सूचना देणारे लोक इंटरनेटवरून बोलत होते आणि आकडा अमेरिकेतला दिसत होता. त्या नंबरामागे न्यू जर्सीतली एक कंपनी होती. ते खातं कुणी उघडलं, पैसे कुठून भरले, कुठल्या पत्त्यावरून लॉगिन झालं, हे एकेक जुळवत तपास गेला. सत्र न्यायालयाचा निकाल मे २०१० मध्ये आला आणि सर्वोच्च न्यायालयाचा २९ ऑगस्ट २०१२ ला.

यातला एकेक पुरावा सुटा घेतला तर कुणीही शंका काढेल. फोन कुणीतरी चोरून आणला असेल, इंजिन सेकंडहँड असेल. पण हँडसेट, इंजिन, जीपीएस, इंटरनेटचा पत्ता, हे सगळं एकाच दिशेला बोट दाखवतंय म्हटल्यावर शंकेला जागा उरत नाही. एका खुणेवर भरवसा ठेवायचा नाही, अनेक खुणा जुळवायच्या. पुढे ब्राउझरची गोष्ट येईल तेव्हा हेच वाक्य परत लागेल.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. त्याच काळात भारतात लाखो फोन असे होते ज्यांना आयएमईआयच नव्हता. किंवा होता तर पंधरा शून्यं. चायना मोबाईल! ज्यांनी ते वापरलेत त्यांच्या चेहऱ्यावर आत्ता हसू आलं असेल. दोन सिम, चार स्पीकर, टीव्हीचा अँटेना, आणि रिंगटोन अशी की शेजारच्या गल्लीतला माणूस उठून बसायचा. ब्रँडेड फोनच्या एक-तृतीयांश किमतीत. दूरसंचार खात्याने ऑक्टोबर २००८ मध्येच, म्हणजे हल्ल्याच्या आधीच, कंपन्यांना सांगितलं होतं की आयएमईआय नसलेल्या फोनचे कॉल नाकारा. मुदती वाढत गेल्या. शेवटी ३० नोव्हेंबर २००९ च्या मध्यरात्री खरोखर बटण दाबलं गेलं. तेव्हाच्या बातम्यांमध्ये अंदाज होता अडीच कोटी फोनचा.

अडीच कोटी. यातले दहशतवादी किती असतील हो? हे फोन कुणाकडे होते? ज्यांना नोकिया परवडत नव्हता त्यांच्याकडे. आमच्या काकांकडे असाच एक होता, शेतात मोटर चालू-बंद करायला जाताना खिशात. त्यांना आयएमईआय म्हणजे काय हे माहीत असण्याचं कारणच नव्हतं. फोनने चूक केली नव्हती, काकांनी तर नाहीच. चूक होती ती नंबर विकत न घेता फोन बनवणाऱ्याची आणि तो बंदरातून आत येऊ देणाऱ्याची. बंद पडला तो मात्र काकांचा फोन.

सरकारलाही हे दिसत होतं, म्हणून २००९ मध्ये एक मधला मार्ग काढला गेला. मोबाईल कंपन्यांच्या संघटनेने ठिकठिकाणी केंद्रं उघडली, तिथे दोनशे रुपयांच्या आसपास घेऊन तुमच्या फोनमध्ये खरा, नवा नंबर घालून देणार. कागदावर झकास योजना. पण एकदा लोकांना समजलं की फोनमध्ये नंबर घालता येतो, तेव्हा त्याच कामाची दुसरी दुकानं उघडायला किती वेळ लागणार? काकांना गावातल्या एका दुकानात सांगितलं गेलं, "भाऊ, तिकडं कायले जाता, शंभर द्या, आत्ता टाकून देतो." टाकला. फोन चालू झाला. तो नंबर कुठल्या फोनचा होता, हे ना दुकानदाराला माहीत होतं ना काकांना. केबल, एक सॉफ्टवेअर आणि कुठल्यातरी फोनचा कॉपी केलेला नंबर.

पंधरावा आकडा इथे काय करतो? काहीच नाही. लूनचा हिशोब चुकून झालेली चूक पकडतो, मुद्दाम केलेली लबाडी नाही. कॉपी केलेला नंबर हिशोबात चोख बसतो, कारण तो खराच असतो. फक्त दुसऱ्याचा.

याचं टोक दिसलं २०२० साली मेरठमध्ये. एका पोलीस अधिकाऱ्याचा फोन दुरुस्तीनंतरही नीट चालेना, म्हणून सायबर शाखेने त्याचा आयएमईआय तपासला. त्या एकाच नंबरवर देशभरात साडेतेरा हजारांच्या आसपास फोन चालू निघाले. साडेतेरा हजार जण आणि अंगठा एकच. यातल्या एकाने धमकीचा फोन केला तर पोलीस कुणाच्या दारात जाणार? किंवा एकाचा फोन चोरीला गेला आणि त्याने तो ब्लॉक करायला सांगितला, तर बाकीच्या सगळ्यांनी काय करायचं?

आमच्या धंद्यात हे रोज घडतं, फक्त त्यात कुणी जेलमध्ये जात नाही. एका सर्व्हरची प्रतिमा बनवून तिच्या पन्नास प्रती चालू केल्या आणि आतला मशीन-आयडी बदलायचा राहिला, तर देखरेखीच्या पडद्यावर एकच मशीन दिसतं. ते कधी झोपतं, कधी एकदम धावतं, एकाच वेळी मुंबईत आणि सिंगापूरला असतं. असं एक प्रकरण मी तीन दिवस उलगडत बसलो होतो. सुटलं कसं? आयडी बाजूला ठेवला आणि वागणूक बघितली. कुठलं मशीन कधी चालू झालं, नेटवर्क कार्ड कुठलं, घड्याळ किती पुढे. वागणुकीवरून पन्नास वेगळी झाली.

घड्याळाचं तर भन्नाट आहे. प्रत्येक यंत्रात क्वार्ट्झचा एक स्फटिक टिकटिकत असतो, आणि कुठलेही दोन स्फटिक अगदी सारखे कापले जात नाहीत. एखादं घड्याळ दहा लाखात पन्नास टिका पुढे धावत असेल तर दिवसाला साधारण ४.३ सेकंद फरक पडतो. तुमच्या लक्षातही येणार नाही. पण २००५ मध्ये तादायोशी कोहनो, आंद्रे ब्रॉइडो आणि के. सी. क्लॅफी या तिघांनी दाखवलं की इंटरनेटवरून येणाऱ्या पाकिटांवर जो वेळेचा शिक्का असतो, तो बघत राहिलं तर लांब बसूनही यंत्र ओळखता येतं. नाव विचारायचं नाही, हात लावायचा नाही. त्याचं घड्याळ किती चुकतं एवढंच बघायचं. त्याआधी १९९८ पासूनच एनमॅप नावाचं साधन कुठल्या मशीनवर कुठली ऑपरेटिंग सिस्टिम आहे ते अशाच रीतीने ओळखत होतं. विचित्र प्रश्न विचारायचे आणि उत्तर द्यायची ढब बघायची. वऱ्हाडी माणूस पुण्यात कितीही शुद्ध बोलला तरी दोन वाक्यांत ओळखू येतो, तसं.

आणि मग हे सगळं आपल्या हातातल्या ब्राउझरवर आलं.

हिशोब साधा आहे. जगात आठशे कोटींहून जास्त माणसं. हो-नाहीचे ३३ प्रश्न विचारले तर उत्तरांच्या जोड्या होतात साधारण ८५९ कोटी. म्हणजे नाव न विचारता, नीट निवडलेले ३३ हो-नाही प्रश्न एका माणसाला बाकीच्या जगापासून वेगळं करायला पुरे. आणि तुमचा ब्राउझर न विचारता उत्तरं देत असतो: स्क्रीन केवढी, फॉन्ट कुठले, वेळ कुठली, भाषा कुठली, ग्राफिक्सची चिप कशी. २०१० मध्ये पीटर एकर्सली यांनी पॅनॉप्टिक्लिक नावाची चाचणी लोकांपुढे ठेवली. ४,७०,१६१ ब्राउझर आले, त्यातले ८३.६ टक्के एकमेवाद्वितीय निघाले. २०१६ मध्ये फ्रान्सच्या संशोधकांनी मोबाईल वेगळे काढून मोजले, तिथेही ८१ टक्के. हे वाचून मी स्वतः घाबरलो होतो. पण या दोन्ही चाचण्यांना आलेली माणसं मुद्दाम स्वतःला तपासायला आलेली, म्हणजे जरा हटके. २०१८ मध्ये नेहमीच्या वेबसाइटवर येणाऱ्या वीस लाखांहून जास्त ब्राउझरांवर मोजलं तर एकमेव निघाले ३३.६ टक्के, आणि मोबाईलमध्ये फक्त १८.५. कारण उघड आहे. एकाच मॉडेलचे लाखो फोन कारखान्यातून जुळ्या भावंडांसारखे येतात.

पण थांबा, मराठी माणसाचं गणित यात वेगळं पडतं, आणि हे मला कुठे लिहिलेलं सापडलं नाही, स्वतःचाच ब्राउझर तपासताना सुचलं. फोनची भाषा तुम्ही मराठी ठेवलीत तर ब्राउझर प्रत्येक वेबसाइटला सांगतो की याला आधी मराठी दे. भारतातल्या बहुतेक फोनची भाषा इंग्रजी. त्या गर्दीत मराठी सेटिंगवाला हजारात किती असेल? वर एखादं वेगळं मॉडेल आणि आवडीचा देवनागरी फॉन्ट. जी गोष्ट आपण अभिमानाने करतो ती गर्दीत आपल्या डोक्यावर फेटा बांधते. मी तरीही मराठीच ठेवलीय. फेटा काढून फिरायचं तर मग मजा काय.

हे तंत्र वाईटच आहे असंही नाही. यूपीआय सुरू करताना तुमच्या फोनवरून आपोआप एक एसएमएस जातो, तेव्हा ॲप तुमचं सिम आणि तुमचा हँडसेट यांची गाठ मारत असतं. उद्या कुणी तुमचा पिन मिळवला तरी त्याच्या फोनवरून तो चालणार नाही, कारण फोन तो नाही. आईच्या खात्यातले पैसे याच गाठीने वाचतात. पण तीच गाठ जाहिरातवालाही मारतो, आणि ती सोडायचं बटण तुमच्याकडे नसतं. कुकी पुसता येते. स्क्रीनची उंची कशी पुसणार? चिकटवलेल्या ओळखीत लबाडी शिरते, आणि अंगची ओळख टाकून देता येत नाही. दोन्हीकडून पंचाईत.

परत आपल्या पंधरा आकड्यांकडे. २०१७ मध्ये नियम आले की आयएमईआयमध्ये फेरफार हा गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात दंडही घातला, पन्नास लाखांपर्यंत. आणि हरवलेले फोन सगळ्या नेटवर्कवर एकदम बंद करणारी मध्यवर्ती यादी, जिला सीईआयआर म्हणतात, तिची पहिली चाचणी सुरू झाली ती सप्टेंबर २०१९ मध्ये, आपल्या महाराष्ट्रात. मे २०२३ पासून ती संचार साथी पोर्टलवर देशभर आहे. याआधी चोरीचा फोन एका कंपनीने बंद केला तर चोर दुसऱ्या कंपनीचं सिम टाकून मोकळा व्हायचा. आता सगळ्या कंपन्या एकच यादी बघतात. मला हे मनापासून आवडलेलं काम आहे, ज्याचा फोन रेल्वेत गेलाय त्याला विचारा. नोव्हेंबर २०२५ च्या शेवटी मात्र हेच ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीपासून टाकायचा आदेश निघाला, त्यावर गदारोळ झाला आणि थोड्याच दिवसांत सक्ती मागे घेतली गेली. तेही बरंच झालं. यादी सरकारकडे असणं वेगळं आणि यादीवाला माझ्या खिशात बसणं वेगळं.

राहिला प्रश्न जुळ्यांचा. यादीत एक नंबर काळा केला की त्या नंबराचे सगळेच फोन काळे होतात, अस्सलही आणि नकलीही. नेटवर्कला अस्सल कोणता ते नंबर बघून कधीच समजणार नाही. त्याला सिमसोबतची जोडी बघावी लागते: हा नंबर याआधी कुठल्या सिमसोबत होता, कुठल्या टॉवरवर होता, एकाच वेळी नांदुऱ्यात आणि नाशकात कसा. म्हणजे शेवटी पुन्हा वागणूकच. तोवर त्रास कुणाला होणार हे २००९ मध्येच दिसलंय. जो जुना फोन घेतो त्याला. आणि आपल्याकडे जुना फोन म्हणजे कॉलेजला जाणाऱ्या पोरीचा पहिला फोन असतो, किंवा गावाकडच्या आजीचा.

म्हणून सेकंडहँड फोन घ्यायला गेलात तर पैसे काढायच्या आधी हे करा. *#०६# दाबा. स्क्रीनवरचा नंबर, सेटिंगमधला नंबर आणि खोक्यावरचा नंबर तिन्ही जुळतात का बघा. मग केवायएम, मधे एक जागा सोडून तो नंबर, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. केवायएम ही तीन अक्षरं इंग्रजीत टाइप करायची. उत्तरात मॉडेलचं नाव येतं. हातात एक कंपनी आणि उत्तरात दुसरी, तर फोन परत द्या. नंबर ब्लॉक केलेला किंवा दुसरीकडेही चालू दिसला, तरी परत द्या. दुकानदार म्हणेल सर्व्हर डाऊन असेल, भाऊ. पक्कं बिल मागा, त्यावर आयएमईआय लिहून घ्या आणि बिलाचा फोटो काढून दुसऱ्या कुणाच्यातरी फोनवर पाठवा. स्वतःच्या फोनमध्ये ठेवलात, आणि फोनच गेला, तर बिलही गेलं.

पुढचा भाग दोन आठवड्यांनी, विषय तुम्ही सुचवा. भेटू.